गुलाबी बोंडअळीचा पतंग: ओळख, वावर आणि जीवनक्रम

कपाशीच्या शेतातील कामगंध सापळ्यात (मादीच्या कृत्रिम गंधाने नरांना ओढणाऱ्या सापळ्यात) अडकलेले आणि रात्री दिव्याभोवती फिरणारे बारीक तपकिरी पतंग गुलाबी बोंडअळीचेच आहेत हे कसे ओळखावे, दिवसा ते कुठे दडतात, आणि शेतात कपाशीच नसते त्या महिन्यांत ही जात कुठे टिकून राहते, असे तीन भागांत आपण विचारले आहे. तिन्ही भागांची उत्तरे देतो, परंतु तिसऱ्या भागाला अधिक जागा देणार आहे. बोंडातले नुकसान आपल्या नजरेस पडते तेव्हा ज्या मादीने ती अंडी घातली ती बहुधा मरून गेलेली असते, आणि हंगामाच्या अखेरीस पुढच्या वर्षीची पिढी त्याच बोंडातील सरकीत मुक्कामाला आलेली असते. त्यामुळे या किडीची खरी माहिती अळीच्या गुलाबी रंगापेक्षा तिच्या वर्षभराच्या वेळापत्रकात आहे.

प्रथम ओळख. पूर्ण वाढलेला पतंग जेमतेम 8 ते 10 मिलिमीटर लांब असतो आणि पंख पसरले तर टोकापासून टोकापर्यंत 15 ते 20 मिलिमीटर भरतात. पुढचे पंख अरुंद, टोकाशी निमुळते आणि राखाडी छटेच्या तपकिरी रंगाचे असून त्यांवर गडद, अनियमित कडांचे ठिपके व पट्टे असतात. मागचे पंख पुढच्यांपेक्षा रुंद, फिकट चंदेरी करडे आणि बिनठिपक्यांचे असतात, आणि त्यांच्या मागच्या कडेला लांब केसांची दाट झालर असते. बसलेला पतंग पंख शरीरावर घट्ट मिटून घेतो, त्यामुळे मागचे पंख दिसत नाहीत आणि तो वाळलेल्या पानाच्या किंवा काडीच्या तुकड्यासारखा भासतो. भिंग हाताशी असेल तर डोक्याकडे पाहावे. तोंडाजवळून वर वळलेले दोन बारीक, टोकदार अवयव आणि शृंगिकेच्या, म्हणजे डोक्यावरच्या मिशीसारख्या अवयवाच्या, अगदी पहिल्या पेरावर उभे राहिलेले पाच-सहा ताठ केस ही खूण भरवशाची आहे. रंगावर मात्र फार विसंबू नये. उडून उडून पंखांवरचे खवले झडले की ठिपके पुसट होतात आणि सगळे पतंग एकसारखे मळकट दिसू लागतात.

कपाशीवरच्या इतर बोंडअळ्यांचे पतंग याहून मोठे असतात आणि एकदा शेजारी ठेवून पाहिले की गोंधळ उरत नाही. हिरव्या, म्हणजे अमेरिकन बोंडअळीचा पतंग धट्टाकट्टा असून त्याच्या पंखांचा विस्तार 35 ते 40 मिलिमीटर असतो. ठिपक्यांच्या बोंडअळीच्या एका जातीत पुढच्या फिकट पंखावर हिरवा पाचरीसारखा पट्टा असतो, तर दुसरीत पुढचा पंख जवळजवळ पूर्ण हिरवा असतो. अधिक फसवणूक होते ती साठवणीच्या धान्यात वाढणाऱ्या पतंगामुळे. तो गुलाबी बोंडअळीच्याच कुळातला आहे, आकाराने तसाच लहान आहे आणि त्याच्याही मागच्या पंखांना लांब झालर आहे. मात्र त्याचा रंग गवती पिवळसर असतो आणि त्यावर गडद पट्टे नसतात. घराजवळच्या दिव्याखाली सापडलेला प्रत्येक बारीक पतंग बोंडअळीचा समजून फवारणीचा निर्णय घेणारे लोक भेटतात. त्यांना माझे सांगणे एवढेच असते की दिवा सर्वांनाच बोलावतो, कामगंध सापळा मात्र जवळजवळ एकाच जातीला बोलावतो.

या सापळ्याविषयी दोन शब्द आवश्यक आहेत. मादी नराला बोलावण्यासाठी जो गंध सोडते तो दोन जवळच्या रासायनिक रूपांच्या साधारण समसमान मिश्रणाचा असतो, हे 1973 साली स्पष्ट झाले, आणि तेव्हापासून त्या मिश्रणाची कृत्रिम गोळी म्हणजेच ल्यूर वापरून सापळे लावले जातात. यात फक्त नर सापडतात. म्हणून सापळ्यात पतंग पडले याचा अर्थ शेतात माद्या आहेत आणि त्यांची अंडी घालण्याची वेळ आली आहे असा घ्यावा; नर कमी झाल्यामुळे कीड आटोक्यात आली असा अर्थ घेऊ नये. एका नराचा अनेक माद्यांशी संग होऊ शकतो, त्यामुळे थोडे नर अडकल्याने अंड्यांच्या संख्येत फारसा फरक पडत नाही. दिव्याच्या सापळ्यांत नर व मादी दोन्ही येतात, परंतु तेथील संख्या चांदण्याप्रमाणे बदलते. अंधाऱ्या रात्री दिव्याचे आकर्षण अधिक असते, पौर्णिमेच्या आसपास ते मंदावते, आणि हे ध्यानात न घेता केवळ आकड्यांची तुलना केली तर किडीची लाट आली आणि ओसरली असा खोटा भास होतो.

आता वावर. हा पतंग दिवसा उडत नाही असेच समजून चालावे. कोषातून तो बहुतेक सकाळच्या वेळी बाहेर पडतो, पंख ताठ होईपर्यंत जवळच थांबतो आणि मग झाडाच्या बुडाशी पडलेल्या पाचोळ्यात, ढेकळांच्या फटीत किंवा खालच्या पानांच्या सावलीत शिरून बसतो. दुपारी ओळीतून चालत जाताना एखादा पतंग पायाशी भुर्रकन उडून दोन-तीन हातांवर पुन्हा जमिनीलगत दडतो, तेवढेच त्याचे दिवसाचे दर्शन. अंधार पडल्यावर तो हालचाल करू लागतो, मात्र नर-मादीचे मीलन बरेचसे मध्यरात्रीनंतर होते. संध्याकाळी सात वाजता विजेरी घेऊन शेत पाहून आलेल्याला काहीच दिसत नाही ते यामुळे. बहुतेक पतंग ज्या शेतात जन्मले त्याच्याच आसपास राहतात, तरी वाऱ्यावर चढून ते बरेच दूर जाऊ शकतात. जमिनीपासून काही शे मीटर उंचीवरच्या हवेतही ही जात पकडली गेलेली आहे. म्हणून एकट्याचे शेत स्वच्छ ठेवणे उपयोगी असले तरी पुरेसे नसते.

पतंगाचे आयुष्य हवामानाप्रमाणे एक ते दोन आठवडे, थंडीत त्याहून थोडे जास्त. मीलनानंतर साधारण दुसऱ्या-तिसऱ्या रात्रीपासून अंडी घालण्यास सुरुवात होते आणि पहिल्या काही रात्रींतच बराचसा साठा संपतो. एक मादी सामान्यपणे शंभर ते दोनशे अंडी घालते, अनुकूल परिस्थितीत याहून अधिकही. अंडे लांबट, चपटे, सुमारे अर्धा मिलिमीटर लांबीचे आणि मोत्यासारखे पांढरे असते. त्यात किंचित हिरवी झाक असते आणि उबण्यापूर्वी ते तांबूस होते. ती एकेकटी किंवा पाच-दहांच्या लहान पुंजक्यांत घातली जातात.

अंडी कुठे घातली जातात हा भाग नीट समजून घ्यावा, कारण फवारणी का चुकते याचे उत्तर येथेच आहे. झाडावर बोंडे नसतात तेव्हा मादी कोवळे शेंडे, पानांचे बगल आणि पाते, म्हणजे फुलाची कळी, यांच्याजवळ अंडी घालते, आणि तेव्हा ती उघड्यावर असतात. बोंडे धरू लागली की तिची पसंती बदलते. बोंडाच्या तळाशी असलेले हिरवे निदलपुंज आणि बोंड यांच्यामधल्या चिंचोळ्या फटीत ती अंडी सरकवून देते, आणि त्यावर पुन्हा तीन दातेरी पानांचे आवरण असतेच. त्या फटीत औषधाचा थेंब सहज पोहोचत नाही, पावसाचा मार लागत नाही, आणि कीटक खाणाऱ्या मित्रकिडींनाही तेथे जाणे अवघड जाते. ट्रायकोग्रामासारखी अतिसूक्ष्म गांधीलमाशी ही अंडी शोधून त्यांत आपले अंडे घालू शकते, म्हणून तिचा वापर सुचवला जातो. पण तोही पाते-फुलांच्या सुरुवातीच्या काळात केला तरच उपयोग होतो.

अंडी तीन ते सहा दिवसांत उबतात. बाहेर आलेली अळी दीड मिलिमीटरहूनही लहान, पांढरट आणि काळसर-तपकिरी डोक्याची असते. गुलाबी रंगाचा तेव्हा पत्ताही नसतो. ती उघड्यावर फार तर दोनेक तास राहते आणि लगेच पात्यात, फुलात किंवा बोंडात शिरते. किडीच्या संपूर्ण आयुष्यात अळी बाहेर असण्याचा काळ एवढाच. हिरवी बोंडअळी एका बोंडातून दुसऱ्यात फिरते, अर्धे शरीर बाहेर ठेवून खाते आणि त्यामुळे औषधाच्या संपर्कात येते. गुलाबी अळी आत गेली की पूर्ण वाढ होईपर्यंत सहसा बाहेर डोकावत नाही.

पात्यात शिरलेल्या अळीची वाढ पात्याबरोबर होते. अगदी लहान पाते गळून पडते आणि अळीही मरते. मोठे पाते मात्र फुलापर्यंत टिकते. अशा फुलात अळी पाकळ्यांच्या कडा रेशमी धाग्यांनी एकमेकींना शिवून टाकते, फूल उमलत नाही आणि गुलाबाच्या अर्धवट मिटल्या कळीसारखे दिसते. यालाच डोमकळी म्हणतात. प्रादुर्भावाची ही पहिली खूण डोळ्यांना दिसणारी आहे आणि ती शोधण्यास कोणतेही उपकरण लागत नाही, तरी ती फार थोड्या शेतांत वेचली जाते. डोमकळी तोडून आतल्या अळीसह नष्ट करणे हे हंगामाच्या सुरुवातीच्या पिढीवर घालता येणारे सर्वांत स्वस्त नियंत्रण आहे, कारण त्या वेळी अळ्यांची संख्या कमी असते आणि त्यांतली प्रत्येक मादी पुढच्या पिढीत शेकडोंनी वाढणार असते.

बोंडात प्रवेश झाल्यावर चित्र पालटते. साधारण दोन ते तीन आठवडे वयाचे कोवळे बोंड अळीला सर्वांत सोयीचे. त्यानंतर साल टणक होत जाते आणि शिरणे कठीण होते. शिरताना पाडलेले भोक सुईच्या टोकाएवढे असते आणि बोंड वाढताना ते भरून येते. बाहेरून बोंड निरोगी, हिरवेगार आणि भरदार दिसते. साल सोलून आतली बाजू पाहिली तर अळीने केलेला वेडावाकडा बोगदा किंवा बारीक चामखिळीसारखे उंचवटे आढळतात. ही तिच्या प्रवेशाची खूण आहे, अळी आत मेली असली तरी ती राहते. पुढे ती रुईतून वाट काढत सरकीपर्यंत जाते. तिचे खरे अन्न सरकी आहे, रुई नव्हे. रुई वाटेत कापली जाते, डागाळते आणि बुरशीला मोकळे रान मिळते. अशा बोंडाचा एखादा कप्पा नीट फुटत नाही, कापूस घट्ट, पिवळट राहतो आणि वेचणीत तो कवडी म्हणून वेगळा पडतो. एका बोंडात एकाहून अधिक अळ्या सापडणे हंगामाच्या उत्तरार्धात नवलाचे नाही.

अळी चार अवस्थांतून वाढते. पहिल्या दोन पांढरट असतात; गुलाबी छटा त्यानंतर दिसू लागते आणि शेवटच्या अवस्थेत शरीराच्या प्रत्येक वलयावर आडवे गुलाबी पट्टे ठळक होतात. पूर्ण वाढीची अळी 12 ते 13 मिलिमीटर भरते. या अवस्थेत नर अळीच्या पाठीवर, पोटाच्या पाचव्या वलयाजवळ, त्वचेखालून वृषणांचा गडद ठिपका दिसतो आणि मादीत तो नसतो, त्यामुळे प्रयोगशाळेत अळ्यांची नर-मादी निवड करणे सोपे जाते. ही वाढ उष्ण हवामानात दहा ते चौदा दिवसांत पूर्ण होते. मग अळी बोंडाला सुमारे दोन मिलिमीटर व्यासाचे स्वच्छ गोल भोक पाडून खाली पडते आणि पाचोळ्यात किंवा मातीच्या वरच्या थरात कोषात जाते. बहुतेक शेतकऱ्यांच्या लक्षात येते ते हे बाहेर पडण्याचे भोक, म्हणजे अळीने आपले काम संपवल्याची निशाणी. कोष तांबूस तपकिरी, 7 ते 10 मिलिमीटर लांबीचा असून त्यातून आठ-दहा दिवसांत पतंग निघतो. अंड्यापासून पतंगापर्यंतचे हे चक्र ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या उबदार हवेत महिनाभरात पुरे होते, आणि पीक जितके लांबेल तितक्या पिढ्या एकमेकींवर चढत जातात. एका हंगामात चार ते सहा पिढ्या होतात आणि अखेरच्या पिढ्यांत सर्व वयाच्या अळ्या एकाच वेळी असतात.

येथपर्यंतचे चक्र अनेक पतंगांचे असते. या किडीचे वेगळेपण पुढे आहे. दिवस लहान होऊ लागले, रात्री थंडावल्या आणि बोंडातील सरकी पिकून तिच्यातले पाणी कमी व तेल जास्त झाले की पूर्ण वाढलेल्या अळ्यांपैकी वाढता हिस्सा कोषात जाण्याचे टाळतो. त्या खाणे थांबवतात, भोवती पातळ रेशमी वेष्टण विणतात आणि सुप्तावस्थेत जातात. बऱ्याचदा अशी अळी दोन सरक्या धाग्याने जोडून त्यांच्या पोकळीत बसते. या जोड सरक्या हाताने दाबून पाहिल्यास फुटतात आणि आतली अळी दिसते. या अवस्थेत तिचा जीवनव्यवहार अतिशय मंद असतो आणि ती कित्येक महिने, कधी दोन वर्षांपर्यंतही जगू शकते. शेतात उभी राहिलेली पऱ्हाटी (कपाशीची वाळलेली झाडे), तिच्यावर चिकटून राहिलेली किडकी बोंडे, बांधावर रचलेले ढीग, जिनिंग (रुई व सरकी वेगळी करणाऱ्या) कारखान्यातील सरकी व कचरा आणि घरात साठवलेला कापूस ही तिची उन्हाळ्यातली ठिकाणे आहेत.

सरकीतून प्रवास करण्याच्या या क्षमतेनेच ही जात जगभर पोहोचली. 1842 साली भडोच येथील कपाशीवर ती आढळल्याची नोंद आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी ती इजिप्तमध्ये पोहोचली, तेथून सरकीबरोबर 1911 च्या सुमारास मेक्सिकोत आणि 1917 साली टेक्सासमध्ये. अमेरिकेने 2018 मध्ये आपल्या कपाशीच्या पट्ट्यातून तिचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. त्यामागे बीटी वाण (अळीला विषारी प्रथिन बनवणारे जनुक घातलेली कपाशी), वंध्य केलेल्या पतंगांचे प्रसारण, कामगंधाने मीलनात अडथळा आणि पिकाचे अवशेष ठरलेल्या तारखेपर्यंत नष्ट करण्याची सक्ती हे सर्व एकाच वेळी होते. यातला शेवटचा भाग आपल्याकडे सर्वाधिक दुर्लक्षित आहे.

वळवाचा किंवा मृगाचा पाऊस पडून मातीत ओल आली आणि हवा दमट झाली की सुप्त अळ्या जाग्या होऊन कोषात जातात आणि मे अखेरीपासून पुढे पतंग टप्प्याटप्प्याने निघू लागतात. या पतंगांना अंडी घालण्यासाठी पाते हवे असते. जूनच्या योग्य पावसावर पेरलेल्या कपाशीला पाते येण्यास सव्वा ते दीड महिना लागतो, त्यामुळे लवकर निघालेले पतंग खाद्य झाड न मिळताच मरतात. हंगामपूर्व, म्हणजे मे महिन्यातच ठिबकवर लावलेली कपाशी मात्र त्यांना नेमक्या वेळी पाते पुरवते आणि पहिली पिढी तिच्यावर वाढून मग आसपासच्या वेळेवर पेरलेल्या शेतांत उतरते. दुसऱ्या टोकाला फरदड आहे. डिसेंबरनंतर पाणी देऊन आणखी एक-दोन वेचण्या घेण्याच्या आशेने ठेवलेले पीक अळीला आणखी एक-दोन पिढ्या देते आणि सुप्त अळ्यांचा साठा वाढवते. फरदडीचा कापूस बहुधा किडका निघतो, पण ज्याच्याकडे पाणी आहे त्याला तो मोह आवरत नाही, हेही खरे.

कपाशीखेरीज भेंडी, अंबाडी आणि त्याच कुळातील काही रानझाडांवर ही अळी आढळते, परंतु तिची संख्या वाढते ती कपाशीवरच. याच एकनिष्ठतेमुळे बीटी वाणांविरुद्ध तिच्यात प्रतिकारशक्ती लवकर आली. भारतात एका जनुकाचे बीटी वाण 2002 मध्ये आणि दोन जनुकांचे 2006 मध्ये आले. पहिल्याविरुद्धची प्रतिकारशक्ती 2010 साली गुजरातमधून जाहीर झाली, पुढे दुसऱ्याचीही धार बोथट झाली आणि 2017 च्या हंगामात महाराष्ट्रात मोठे नुकसान झाले. हिरवी बोंडअळी तुरीवर, हरभऱ्यावरही वाढते, त्यामुळे तिच्यातले बरेच पतंग बीटीच्या संपर्काबाहेर वाढलेले असतात. गुलाबी अळीला तशी सवलत नाही, म्हणूनच बीटीच्या संपर्काबाहेर काही पतंग वाढावेत यासाठी बिगरबीटीच्या आश्रय ओळी लावण्याचा नियम तिच्यासाठी अधिक महत्त्वाचा होता. त्यात संकरित वाणाच्या एकाच बोंडातील काही सरक्यांत विषारी प्रथिन असते आणि काहींत नसते, त्यामुळे अळीला जीव न जाता सवय लावणारी मात्रा मिळत राहते.

आपल्या सापळ्यांच्या बाबतीत व्यवहार असा ठेवावा. पाते लागण्याआधी एकरी दोन कामगंध सापळे पिकाच्या शेंड्यांपेक्षा किंचित उंच लावावेत आणि ल्यूर बदलण्याची तारीख पाकिटावर लिहिल्याप्रमाणे पाळावी. एका सापळ्यात रोज आठ याप्रमाणे सलग तीन रात्री पतंग सापडले तर अंडी घातली जात आहेत असे समजावे. त्याच्या जोडीला शेतात वेगवेगळ्या झाडांवरची, मध्यम आकाराची, दाबल्यास किंचित दबणारी वीस हिरवी बोंडे तोडून फोडून पाहावीत. त्यांतल्या दोन बोंडांत जिवंत अळी निघाली तर उपाय करण्याची पातळी गाठली आहे. बोंडे वरवर पाहून निवडू नयेत, सापडतील तशी घ्यावीत. पतंग भरपूर आणि बोंडे स्वच्छ असतील तर ते पतंग शेजारच्या शेतातून किंवा जिनिंगच्या ढिगातून येत असण्याची शक्यता अधिक, आणि अशा वेळी बोंडांची तपासणी आठवड्याऐवजी दर तीन-चार दिवसांनी करावी.